अर्ध्या आट्याचं भांडण

संजू, काल जीप घरी आणली. तुझ्या घरी, भडगावला. जळगावच्या दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली ती इतके दिवस उभी होती. टपावर पाखरांनी करायचं ते करून ठेवलं होतं आणि वायपरमध्ये निंबोळ्या अडकल्या होत्या. तुझी बायको सुनंदा आणि मी एसटीने गेलो. वॉचमनला तुझं नाव सांगितलं तर त्याने विचारलं, "पेशंट बरा आहे ना आता?" सुनंदाच म्हणाली, "नाही." तो बिचारा पटकन उठून फाटक उघडायला गेला.

दहाव्याला लोक तुझ्याविषयी फार चांगलं बोलले. तुझ्या दुकानात ज्यांच्या मोटरी तू रिवायंड करून दिल्यास ते सगळे आले होते. कोणी तुझा हात सांगितला, कोणी तुझा स्वभाव. मी ओट्याच्या कडेला बसून ऐकत होते आणि मनात तुझ्याशी भांडत होते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण माणसाशी भांडू नये असं कोणी सांगितलेलं नाही. मी तुझ्यावर चिडलेली आहे. लहानपणापासून माझ्या नाकावर राग आहे, तो आता या वयात कुठे जाणार?

ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटेल भाऊ-बहिणीत काय भांडण, जमिनीचंच असेल. आपलं भांडण एका स्क्रूच्या अर्ध्या आट्याचं होतं.

जीप आपल्या दोघांची. सरकारी लिलावात निघालेली, बॉडी धड आणि पेट्रोल इंजिन पार गेलेलं. तू काळ्या हातांनीच पाचोऱ्याला माझ्याकडे आलास आणि दारातून म्हणालास, "अक्का, अर्धी तू ले, अर्धी मी लेस." मला रोपवाटिकेतली मिरचीची, टोमॅटोची रोपं बांधावर पोचवायला गाडी हवी होती. तुला तिच्यात एका भंगारातल्या पिकअप व्हॅनचं टर्बो डिझेल इंजिन बसवून बघायचं होतं. इंजिन बदलल्याची नोंद करून घ्यायला आरटीओत मीच खेटे घातले, कारण साहेबासमोर उभं राहिलं की तुला नेमके वाद सुचायचे. पहिल्या दिवशी ती साठच्या पुढे गेली की एवढी किंचाळायची की माझी रोपंच कोमेजतील असं मला वाटलं. मग तू मागच्या चाकांच्या गिअरचे दाते बदललेस. तोच वेग, पण इंजिनाला कमी फिरावं लागायचं. आवाज बसला, डिझेल वाचलं आणि ओढही फारशी गेली नाही. आपण दोघं एकाच गोष्टीवर एकदम खूश झालो असं बहुतेक तेवढं एकदाच झालं.

त्यानंतर सगळा खेळ डिझेल पंपाच्या मागच्या अंगाच्या त्या स्क्रूचा. अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आत घेतला की इंजिनाला डिझेल जास्त मिळायचं, गाडी उधळायची, मागे काळा धूर. अर्धा आटा बाहेर काढला की धूर बंद, ॲव्हरेज झकास, पण जरा चढ आला की गिअर पाडल्याशिवाय गत्यंतर नाही. आठवडाभर जीप तुझ्याकडे, आठवडाभर माझ्याकडे. ज्याच्या हातात चावी येईल त्याने आधी बॉनेट उघडायचं, मग पाणी प्यायचं, असा आपला शिरस्ता पडला. तू आत घ्यायचास, मी बाहेर काढायचे. मी चहा दिला की तू माझ्या हाताला ग्रीसचा वास येतोय का ते बघायचास आणि हसायचास.

"ॲव्हरेज पायमा ऱ्हास, अक्का, पंपमा नही," हे तुझं ठरलेलं. पाय हलका ठेवला तर स्क्रू आत असो की बाहेर, गाडी डिझेल पीत नाही, असा तुझा दावा.

"मंग तुना पाय घर ठेव नि गाडी माले दे," असं मी म्हणायचे. कारण तुझा पाय हलका मी कधी पाहिलाच नाही. खरं तर तुझं म्हणणं चूक नव्हतं. पण पाय माणसाचा असतो आणि माणसाचा भरवसा नाही, म्हणून आधी स्क्रूलाच लगाम घातलेला बरा, असं माझं म्हणणं. यावर आपण आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, जेवणावरही भांडलोय. तू दर आखाजीला मुराळी होऊन मला न्यायला यायचास, पाचोऱ्याहून भडगाव ते काय अंतर, तरी यायचास, आणि ताटावर पुरणपोळी वाढली की पंपाचा विषय काढायचास. सुनंदा वैतागून म्हणायची की तुम्हा दोघांना पंपासकट अंगणात जेवायला वाढते.

एकदा गाडीच्या ओढीवरून तू गंभीरपणे बोललास. "पिकअप रोज नही लागस. पन ज्या दिन लागस त्या दिन नही ऱ्हायना तं मानूस मरी जास." मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आता सांग, ज्या दिवशी लागला त्या दिवशी तूच काय केलंस?

टँकरवाल्यांचा संप होता. सगळ्या पेट्रोल पंपांवर दोर बांधलेले, डिझेल नाही म्हणून पाट्या. तू दुपारी सुनंदाला घेऊन जीप द्यायला आलास. माझा आठवडा सुरू होणार होता. शेडनेटच्या सावलीत बाजेवर बसलास, पाणी मागितलंस आणि ते न पिताच तांब्या खाली ठेवलास. तुझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ऊन होतं म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग तू जबडा चोळायला लागलास आणि डावा हात मांडीवर असा ठेवलास की तो दुसऱ्याचाच आहे.

पाचोऱ्यातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी निघायच्या आतच ओळखलं. जिभेखाली गोळी दिली, आणखी काही गोळ्या चावायला लावल्या आणि म्हणाले, "लगेच जळगावला न्या. इथे एक मिनिटही थांबू नका." ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांच्या टाक्या कोरड्या. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरमध्ये थोडं डिझेल होतं, पण ट्रॅक्टर शेतात. राहिली आपली जीप, आणि तिच्यात किती आहे ते देवालाच ठाऊक, कारण टाकीचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावरच अडकलेला. तो दुरुस्त कोणी करायचा यावरही आपलं एकमत झालं नव्हतं.

मी चावी फिरवणार तेवढ्यात तू माझा हात धरलास.

"अक्का, डिझेल कमी शे."

"किती कमी?"

"पोचसूत. पन दाबशी तं रस्तामाच थांबसूत."

डिझेलची गाडी टाकी कोरडी होऊन थांबली की नुसतं डिझेल ओतून चालत नाही, नळ्यांत हवा धरते, ती काढत बसावं लागतं, हे मला कळत होतं. तुला छातीत कळा येत असताना मी रस्त्याच्या कडेला पाना घेऊन हवा काढतेय, हे डोळ्यांपुढे आलं. तरी मला दाबायचंच होतं. स्क्रू तुझ्या सेटिंगवर, आत घेतलेला. आयुष्यात पहिल्यांदा मला तो तसाच हवा होता.

आणि तू म्हणालास, "बॉनेट उघाड. अर्धा आटा बाहेर काढ."

"तू येडा व्हयना का? आज?"

"आज तुना पायवर मना भरोसा नही."

मागच्या सीटवरून सुनंदा ओरडली, "तुम्ही दोन्ही आते तरी भांडू नका ना!" तिचा आवाज फाटला होता. मी उतरले. तापलेल्या बॉनेटचा चटका बसला. नट सैल करताना पाना दोनदा घसरला. तू दारातून बाजूला कलून माझ्याकडे बघत होतास, मी खरंच काढतेय का ते तपासायला. मी काढला. तुझं ऐकलं. जन्मभर तुझं एक ऐकलं नाही आणि ऐकलं ते हे.

मग तो रस्ता. नांद्रा यायच्या आधीच केळीने भरलेला ट्रक पुढे आला. वर हिरवे घड, मागे लोंबणारी दोरी. अजून दिसते मला ती दोरी. बाजूने काढावं म्हटलं तर समोरून मोटरसायकली, छोटे टेम्पो. तुझ्या सेटिंगवर असते तर एका दमात निघून गेले असते. माझ्या सेटिंगवर जीप बाहेर डोकावायची आणि दम नसल्याने पुन्हा मागे यायची. ज्या स्क्रूचा मी एवढा अभिमान बाळगला त्याला त्या दिवशी मी मनातल्या मनात शिव्या दिल्या.

"थांब. समोरनाले जाऊ दे," तू म्हणालास. तुझे डोळे मिटलेले होते. समोरचा आवाज तुला ऐकू येत होता.

"संजू, मी काढस आते."

"नको. आते नको."

सामनेरजवळ ट्रक वळला. रस्ता मोकळा झाला आणि माझा पाय आपोआप खाली गेला. तू डोळे न उघडता म्हणालास, "अक्का." एवढंच. मी पाय उचलला. वाटेतल्या एका पंपावर रिकाम्या गाड्यांची रांग लागलेली, ड्रायव्हर लोक झाडाखाली पत्ते खेळत होते. एकाने मजेत हात केला. मला त्याच्या अंगावर गाडी घालावीशी वाटली. मागे सुनंदा तुझ्या खांद्याला हात लावून बसली होती आणि मी दर थोड्या वेळाने विचारत होते, "संजू, बोल. संजू?" वावडद्याच्या पुढे तू बराच वेळ बोलला नाहीस. एका हाताने तुला हलवलं.

"ऐकी ऱ्हायनू," तू म्हणालास.

"काय?"

"इंजिन."

मला एकदम गिरणा नदीचं पात्र आठवलं. कोरड्या वाळूत तू मला गाडी शिकवलीस तेव्हा मी चाळिशीच्या पुढची, नवरा जाऊन वर्ष झालेलं, सगळे म्हणत होते आता हिला काय गाडी शिकायची. वाळूत चाक रुतलं की मी दाबायचे आणि ते आणखी खोल जायचं. तू एकदाही आवाज चढवला नाहीस. शेजारी बसून म्हणायचास, इंजिन काय म्हणतंय ते ऐक, ते मागेल तेवढंच दे. माझा सगळा धंदा त्या वाळूत शिकलेल्या चार दिवसांवर उभा आहे. रोपं घेऊन मी एकटी पार धुळ्याच्या पलीकडे जाऊन आले, कोणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. हे तुला मी कधी म्हटलं नाही. आपल्यात असलं म्हणायची पद्धत नाही, आणि तू हसला असतास. पण मी उपकार मानते, संजू. फार मानते.

जळगावात शिरलो तेव्हा गर्दी होती. कसं काढलं ते मला आठवत नाही. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, तुला उचललं, आणि तू मान माझ्याकडे वळवून म्हणालास, "दखं ना? पोचनूत." चेहरा पांढराफटक आणि त्यावर तेच हसू, चहा घेताना माझ्या हाताचा वास बघतानाचं.

मी म्हणाले, "गप ऱ्हाय."

सूर्य मावळायच्या आत डॉक्टर बाहेर आले. त्यांनी बरंच सांगितलं, मला एक वाक्य कळलं. एक प्रश्न मात्र माझ्या ओठांवर होता: आम्ही थोडं आधी आलो असतो तर? मी फरशीवर बसलेली, ते माझ्यापुढे उभे होते, विचारायला काही अडचण नव्हती. मी विचारलं नाही. उत्तर 'काही फरक पडला नसता' असं आलं तर ते मला बरं वाटावं म्हणून बोलतायत असं वाटलं असतं. आणि दुसरं उत्तर आलं असतं तर मी त्या फरशीवरून उठले नसते.

दहाव्याला आपल्याच एका नातेवाइकाने, नाव घेत नाही, तुला कळेल, सगळ्यांसमोर म्हटलं, "पाचोराथून जळगाव म्हणजे काय? गाडी जराशी जोरमा काढी व्हती तं..." वाक्य अर्धं सोडून त्याने पान तोंडात घातलं. कोणी त्याला गप केलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली. मला ओरडून सांगायचं होतं की डिझेल नव्हतं, दाबलं असतं तर वाटेतच राहिलो असतो. पण मला तरी कुठे माहीत होतं, होतं की नव्हतं? तुझ्या शब्दावर मी हळू चालवली. तो शब्द बरोबर होता का एवढंच मला हवं होतं. तेव्हापासून मला झोप लागलेली नाही.

म्हणून काल डिझेल भरलं नाही.

संप केव्हाच मिटलाय. आवारातून बाहेर पडल्यावर लगेच पंप आहे, गर्दीही नव्हती. सुनंदा म्हणाली, "अक्का, डिझेल भरनं नही का?"

"नको."

"बंद पडनी तं?"

"पडू दे."

मी बॉनेटही उघडलं नाही. स्क्रू त्या दिवशी होता तिथेच, पाय त्या दिवशी होता तेवढाच. शिरसोली गेली. वावडदा आलं तशी मी मनात म्हणायला लागले, बंद पड. आता बंद पड. एका ठिकाणी इंजिन जरा गुरगुरलं आणि माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने. खड्डा होता नुसता. लोक गाडी चालू राहावी म्हणून नवस बोलतात, आणि मी भर रस्त्यात ती मरावी म्हणून हात जोडायच्या बेतात होते. इथे थांबली असती तर मी उतरून त्या रस्त्याला नमस्कार केला असता. तू बरोबर होतास, मी बरोबर केलं, त्या पान खाणाऱ्याचं तोंड बंद, आणि मी घरी जाऊन झोपले असते. सामनेर गेलं. ती चाललीच होती.

"अक्का, तुम्ही बंद पडानी वाट दखी ऱ्हायनात का?" सुनंदाने विचारलं.

"हां."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "माले काहीच जानी लेनं नही."

"त्याने सकाळी डिझेल टाकलं होतं का गं?" मला राहवलं नाही.

"दुकानमातला कॅन रिकामा शे. कव्हय व्हयना ते माले माहीत नही."

नांद्रा गेलं. संजू, आता तू मला एक सांग. डिझेल खरंच कमी आहे असं तुला वाटत होतं, की माझे थरथरते हात बघून तुला भीती वाटली? मी त्या अवस्थेत जीप कुठेतरी ट्रकखाली घालेन, मागे सुनंदा आहे, म्हणून तू डिझेलचं निमित्त केलंस का? तुझा स्वभाव मला माहीत आहे, दोन्ही खरं असू शकतं. हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारू शकत नाही, सुनंदाला विचारून उपयोग नाही. आणि तू तर गेलासच.

पाचोरा आलं. म्हणजे त्या दिवशी जेवढं लागलं तेवढंच परत निघालं टाकीत, दाबायला पुरेल एवढं होतं. गाडी बाजूला घेतली, पण बंद केली नाही. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, तिला काही जाणून घ्यायचं नसूनही. तिने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आते तरी दाबा, अक्का."

मी दाबलं. संजू, पार तळाला दाबलं. भडगावच्या रस्त्यावर ती जीप माझ्या हातून कधी एवढी पळाली नाही. अर्धा आटा बाहेर होता म्हणून तुझ्यासारखी उधळली नाही, पण पळाली. मी रडत होते आणि तुला नाही नाही ते बोलत होते, सुनंदा दाराची कडी धरून बसली होती आणि तीही तुला बोलत होती. एसटीला मागे टाकलं तेव्हा कंडक्टर खिडकीतून आमच्याकडे बघत राहिला. दोन बायका, तुझ्या नावाने ओरडत चाललेल्या.

तुझ्या दारात आलो तरी ती चालूच. मी चावीला हात लावला नाही. सुनंदाही उतरली नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. समोरच्या ओट्यावर शेजारणी आल्या, काही विचारावं की नको अशा उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. इंजिन अडखळलं, सावरलं, पुन्हा अडखळलं, आणि बंद पडलं. तेव्हा कुठे सुनंदा उतरली, तिने कुलूप उघडलं आणि मला पाणी आणून दिलं.

दारात ते किती वेळ चाललं, मी घड्याळात बघितलंय. तू असतास तर तेवढ्यावरून उभ्या उभ्या हिशोब केला असतास, टाकीत किती उरलं होतं, त्या दिवशी किती दाबता आलं असतं, आपण किती आधी पोचलो असतो. म्हणून ते मी तुला सांगणार नाही, संजू.